पिलसुनताई आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची अंघोळ

आमच्या गुनसान गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात गल्ल्यावर मी, आणि आत गिऱ्हाइकांचं अंग घासायला पिलसुनताई. हातात हिरवं खरखरीत कापड चढवून ती अशी घासायची की बाई उकडलेल्या खेकड्यासारखी लालेलाल होऊन बाहेर यायची. कुणी कळवळलं की म्हणायची, "गप गं! मळ तुझा आणि बोंब माझ्या नावानं?"

अठ्ठावीस वर्षं घासून तिच्या उजव्या खांद्याची वाट लागली. डॉक्टरांनी नवा सांधा बसवला. वर्षाच्या आत त्यात जंतू शिरले. तो काढला, महिनोन् महिने औषधं, मग पुन्हा नवा. काम सुटलं ते सुटलंच.

पुढे राजधानीतून, सोलहून पत्र आलं. खांदा-कोपराचा सांधा बदलल्यावर जंतू होऊ नयेत, झाले तर काय करावं, याचे नियम डॉक्टर मंडळी लिहीत होती. त्यांना हे भोगलेलं एक माणूस हवं होतं.

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं?"

"चल गं, जेवण तरी चांगलं असेल," म्हणत मीही सोबत गेले.

एकेक वाक्य वाचायचं आणि पटलं तर हात वर करायचा, अशी तिथली रीत. 'आदल्या दिवशी रुग्णाने खांदा व काख नीट धुवावी.' बाराही डॉक्टरांचे हात वर. ताईचा खाली.

"आजी, काही शंका?" प्रमुख डॉक्टर नामगुंगनी विचारलं.

"आजी कुणाला म्हणता हो?" ताई भडकली. "हे असंच लिहाल तर सगळ्या बायका माझ्यासारखीकडे धावतील! डॉक्टरांपुढे मळकं अंग कसं न्यायचं, म्हणून आम्ही आदल्या दिवशी कातडं सोलेपर्यंत घासून घेतो. मीही घेतलं होतं. ऑपरेशनच्या टेबलावर खांदा नुसता चुरचुरत होता."

"त्यानंच जंतू शिरले असं खात्रीनं नाही सांगता येणार," डॉक्टर म्हणाले. "पण ओरखड्यांतून वाट मिळते, हे खरं."

ताईचा आवाज एकदम बसला. "उद्या ऑपरेशन आहे असं कुणी म्हणालं की मी दुप्पट जोर लावायची. मायेनं हो! देव जाणे किती जणींचं मी..."

कोपऱ्यातला एक डॉक्टर हळूच म्हणाला, "माझ्या आईनंही गुडघ्याच्या ऑपरेशनआधी हेच केलं होतं. डॉक्टर मी, आणि मलाच पत्ता नाही." मग सगळे हसले, ताईसुद्धा, नाक पुसत.

वाक्य बदललं. आदला आठवडाभर अंग घासून घेऊ नये, साबणाने हलकेच धुवावं, ओरखडा दिसला तर ऑपरेशन पुढे ढकलावं. ताईनं मुद्दाम उजवाच हात वर केला. तो कानापर्यंतच जातो, पण मोजला गेला.

गेल्या महिन्यात माझ्या कोपराची पाळी आली. आमवातानं पार खाल्लं होतं ते. आदल्या दिवशी मी हिरवं कापड पिशवीत लपवून न्हाणीघरात शिरले, तर गल्ल्यावर माझ्याच स्टुलावर ताई माझी वाट बघत बसलेली!

"कापड टाक इकडे."

"अगं, डॉक्टर म्हणतील काय घाणेरडी बाई आहे!"

"म्हणू देत. नियम माझा आहे."

मला आत नेऊन तिनं डाव्या तळहातावर साबण घेतला आणि माझं कोपर हळूहळू धुतलं, नुकत्या जन्मलेल्या बाळाचं धुवावं तसं. माझे डोळे भरून आले.

"दुखतंय का गं?" तिनं विचारलं.

अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न तिनं कुणालाच विचारला नव्हता.