तिसरी सही माझ्या भावाची

सही करायला काय पैसे पडतात, असं आमच्या घरात एकदा कुणीतरी म्हणालं, आणि त्यापायी माझ्या पाटल्या गेल्या.

म्हणणारा यांचा मित्र. हे लोणावळ्याच्या मालधक्क्यावर कारकून, आणि मित्राला खंडाळ्यात बंगलेवाल्यांसाठी हॉटेल काढायचं होतं. सावकार म्हणाला, प्रॉमिसरी नोटेवर तीन सह्या आणा. एक मित्राची, दुसरी यांची. तिसरीला माझा धाकटा भाऊ सापडला. कान्ह्याहून मला माहेरी न्यायला आला होता, चहा पीत बसलेला. "दाजी करत्यात तर मी बी करतो," म्हणाला, आणि केली की हो सही!

पुढं हॉटेल बसलं. मित्रानं गाशा गुंडाळला, कुठं गेला देव जाणे. सावकारानं दावा लावला तो एकट्या यांच्यावर. का, तर यांना पगार. शेतकऱ्याच्या मागं बांधाबांधानं कोण फिरणार? वडगावचे वकील म्हणाले, "सही करणारा प्रत्येक जण सगळ्या रकमेला बांधलेला असतो. सावकार हवा त्याला धरील. तुम्ही सगळी फेडा, मग मेहुण्याकडून निम्मी मागा." पगारावर जप्ती आली असती तर स्टेशनात यांना मान वर करता आली नसती. मी पाटल्या काढून दिल्या. वडिलांनी लग्नात घातलेल्या.

"मेहुण्याकडं कसं मागू?" हे म्हणाले. "तुझं माहेर तुटेल."

"माहेर माझं आहे. मीच मागते."

गेले कान्ह्याला. भाऊ खळं सारवून घेत होता. पाटल्यांचं तेवढं सोडून सगळं सांगितलं. ऐकून म्हणाला, "पर आक्के, सावकार माज्याकडं आलाच न्हाई. ज्याच्या दारात आला, त्यानं दिलं. माजं काय चुकलं?"

लबाड असता तर बरं झालं असतं, चार शिव्या घातल्या असत्या. पण त्याला खरंच तसं वाटत होतं. मागणारा ज्याच्या दारात उभा, देणं त्याचं! मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "अरे, तिघांनी तुळई खांद्यावर घेतली. एक पळाला, तू खांदा काढलास. वजन कुणाच्या मानेवर आलं?" मी चहासुद्धा न घेता निघाले, आणि गाडीत पदर तोंडावर घेऊन रडले. पाटल्यांसाठी नाही. हा भाऊ आता आपला राहतो की नाही, या भीतीनं.

त्यानंतर ना निरोप, ना येणं-जाणं. भाऊबीज आली. मी पाट मांडला, ताट केलं, आणि चिडचिड करत बसले.

दुपारी आला. पाटावर बसला. मी ओवाळलं, तशी त्यानं उपरण्याची गाठ सोडली आणि पैशांचं पुडकं ताटात ठेवलं. "निम्मं हाय आक्के. म्हैस विकली."

माझा जीव भांड्यात पडला. पण राग काही पडेना. "उचल ते! ताटात पडलं की ओवाळणी झाली. मला उपकार नकोत. दोघांनी सही केलीत ना? मग दाजींच्या हातात दे."

त्यानं मुकाट्यानं पुडकं उचललं, यांच्या हातात दिलं. ताट रिकामं. खिसे चाचपले, तर एक पै नाही. कानांपर्यंत लाल झाला. यांनी पुडक्यातला एक रुपया काढून त्याच्यापुढं धरला. "घ्या मेहुणे. माझ्याकडून उसना."

"सही-बिही काही करायची नाही हं!" मी ओरडले, आणि हे पोट धरून हसले.

रुपया ताटात टाकताना भावाची नजर माझ्या मनगटावर गेली. काचेच्या बांगड्या. त्याचा हात तसाच राहिला. "आक्के, आबांनी केलेल्या त्या पाटल्या...?"

"व्हय," मी म्हटलं. "रडायचं तर जेवून रड. पोळ्या गार होतात."