मोरीची जाळी

आमचे हे रस्तेखात्यात आहेत. काम काय, तर रस्त्यावर मेलेली जनावरं उचलायची. टेम्पो, फावडं, ताडपत्री, चुन्याची पिशवी. घरी आले की दारातच बादली. आधी हात धुवा, मग बोला. पूर्वी महिन्याला एखादा ससा असायचा. जंगल तोडून रस्ता रुंद केला आणि रोजचंच झालं. एकदा गाभण हरणी उचलली, तर हे दोन वेळा जेवले नाहीत. मी म्हटलं, "अहो, तुम्ही उपाशी राहिल्यानं ती उठून चालणार आहे का?" माझं तोंड असंच आहे, काय करू.

पण गेली दोन वर्षं सगळी मरायची ती मोठ्या वळणावरच. आणि त्याच वळणावरून आमची लेक रोज सकाळी धुक्यात स्कूटरवरून दवाखान्यात जाते, नर्स आहे. तिचा "पोहोचले" असा फोन येईपर्यंत यांच्या घशाखाली चहा उतरायचा नाही.

एका सोमवारी हे वळणाखालच्या ओढ्यात उतरले. चिखलात खुरांचे ठसे मोरीपर्यंत गेलेले, तिथून मागं वळून चढ चढून थेट रस्त्यावर. मोरी म्हणजे रस्त्याखालचा माणूसभर उंचीचा बोगदा. त्याच्या तोंडाला लोखंडी जाळी. पालापाचोळ्यानं मोरी तुंबते म्हणून ती दोन वर्षांपूर्वी यांनीच बसवलेली, वर साहेबांची शाबासकी घेतलेली.

"जनावरं खालून जात होती गं," हे म्हणाले. "त्यांची वाट मीच बंद केली."

जाळी काढायचा अर्ज दिला. साहेब म्हणाले, वरून मंजुरी येऊ दे. महिना गेला. यांनी लेकीला लांबच्या रस्त्यानं जा म्हटलं, तर मीच चिडले, "पोरीला कशाला घाबरवता?" खरं तर तिचा फोन येईपर्यंत मीही दारातच उभी असायचे.

त्या सकाळी लेक निघून वीस मिनिटं झाली होती. ऑफिसातून फोन आला. मोठ्या वळणावर सांबर पडलंय, सोबत एक स्कूटर आहे, मुलगी गेली.

यांनी विचारलं, "स्कूटर कुठल्या रंगाची?"

तो माणूस विचारून सांगतो म्हणाला. मी लेकीला फोन लावत होते, ती उचलत नव्हती. मी पुन्हा पुन्हा लावत राहिले.

"निळी," हे फोन कानाला लावूनच म्हणाले.

आमची लाल. "सुटलो बाई," माझ्या तोंडून निघून गेलं. यांनी कपाटातून कटर घेतला. त्याच दुपारी मंजुरीबिंजुरी न बघता त्यांनी जाळी कापली.

आठवड्यानं त्या मुलीचे वडील आमच्याकडे आले. मुलीला रस्त्यावरून यांनी उचललं होतं, म्हणून भेटायला आले होते. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, "तुम्ही रोज तिथं असता. जनावरं नेमकी तिथंच वर का येतात हो?"

यांनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी मीच बोलले, "मुकी जनावरं ती. त्यांना काय कळतंय?"