देवाची मूठ

भाताला तांदूळ घेतले आणि हातानं आपसूक एक मूठ काढून कोपऱ्यातल्या डब्यात टाकली. हा देवाचा डबा. स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ त्यात टाकायचे आणि भरला की चर्चमध्ये न्यायचा, ही माझ्या बायकोची, मार्थाची रीत. घरात दाणा कमी असला तरी तिनं मूठ आवळली नाही. ती दुखण्यानं तळमळत होती तेव्हा मी गुडघे टेकून एवढंच मागितलं, हिला ठेव. त्यानं ठेवलं नाही. तांदूळ घेताना बरा जागा होता!

पाळकसाहेब म्हणाले, "बाबा, देवाची इच्छा."

"आणि माझी इच्छा, साहेब?"

त्यांनी उठून माझ्यासाठी चहा ठेवला. माणूस चांगला आहे.

आज राग आला. टाकलेली मूठ परत घ्यायला डब्यात हात घातला, तर खाली तिनं टाकलेले तांदूळ. माझे कुठले, तिचे कुठले, कळेना. हात तसाच त्या गार दाण्यांत राहिला, मग रिकामाच बाहेर काढला.

आमचं भांडण झालं की मार्था बोलायची नाही, पण ताट वाढायची. रविवारी मीही डबा नेऊन ठेवीन. बोलणार नाही.