पिकअप ऐकायला गेलो तेव्हा

लोक गाडी बघायला जातात. मी ऐकायला जायचो.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टर्बाइनजवळ माझी तेहेतीस वर्षं गेली. हातभर लांब लोखंडी सळई घ्यायची, एक टोक बेअरिंगला टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, की मशीनच्या आत काय चाललंय ते कळायचं. कानाला लावायला आवाज अडवणारी बोंडं मिळायची, ती मी खिशात ठेवायचो. ती घातली तर ऐकणार काय, कपाळ? निवृत्त झाल्यावर टर्बाइन काही घरी नेता येत नाही, म्हणून मी गाड्यांवर आलो. नात्यात, गल्लीत कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की मला न्यायचे. मी बॉनेट उघडून लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवायचो, डोळे मिटायचो आणि निकाल द्यायचो. त्या बदल्यात मिसळ मिळायची.

अलीकडे निकाल फार चांगले लागत होते. तीन वर्षांत मी एकही गाडी नापास केली नव्हती. मला वाटलं, लोक हल्ली गाड्या नीट ठेवायला लागले.

घरी कुकरच्या शिट्ट्या बायको मोजायची. मोबाइल मी शर्टाच्या खिशातच ठेवायचो, थरथरला की कळायचं. पण तेवढ्यावरून कान गेले असं मानायला मी काही खुळा नव्हतो.

माझ्या मुलीची मखमलाबादकडे रोपवाटिका आहे. टोमॅटो, कोबी, ढोबळी मिरचीची रोपं ट्रेमध्ये वाढवते आणि शेतकऱ्याच्या बांधावर पोचवते. पोचवायला भाड्याचा टेम्पो. टेम्पोवाला नऊ म्हणाला की बारा धरायचे, तोवर रोपांनी माना टाकलेल्या. मागच्या उन्हाळ्यात त्याची गाडी रस्त्यातच बसली आणि टेम्पोभर रोपं उन्हात होरपळली. ज्याची होती तो शेतकरी पुन्हा तिच्याकडे फिरकला नाही. तेव्हा तिने ठरवलं, आपला छोटा पिकअप घ्यायचा. जुना चालेल, पण वाटेत बंद पडणारा नको आणि भरल्या ट्रेंसकट पेठकडच्या घाटात दम सोडणारा नको. पाच वर्षांची साठवण त्यात जाणार होती. चूक झाली तर दुसरी गाडी घ्यायला हातात काही उरणार नव्हतं.

"बाबा, तुम्ही ऐकल्याशिवाय मी घेणार नाही," ती म्हणाली. मी नवीन शर्ट घातला.

गाडी दिंडोरीला, एका द्राक्षबागायतदाराच्या अंगणात होती. तरुण पोरगा, बोलायला गोड. मी आधी बॉनेटवर तळहात ठेवला. आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनावरून काही कळत नाही. बॉनेट गार होतं. पहिल्या चावीला गाडी सुरू झाली. धूर निळा नव्हता, म्हणजे ऑइल जळत नव्हतं. ऑइलचं झाकण काढून त्याच भोकावर उलटं ठेवलं, उडालं नाही, म्हणजे आतला दाब बाहेर मारत नव्हता. मागे खताच्या गोण्या होत्याच, तशीच भरलेली गाडी त्याला बागेमागच्या चढावर न्यायला लावली. दुसऱ्या गिअरमध्ये निवांत चढली.

मग स्क्रू ड्रायव्हर लावला आणि डोळे मिटले. इतकं शांत इंजिन मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"घेऊन टाक," मी म्हणालो. "लोण्यासारखं चालतंय."

पोरगा माझ्याकडे बघत राहिला. मग समोर येऊन मोठ्याने म्हणाला, "काका, आवाज हाय थोडा. मी कशाला खोटं बोलू? त्याच्यापायीच तर भाव कमी सांगितला ना."

"कसला आवाज?" माझं डोकंच फिरलं. "तेहेतीस वर्षं हेच केलंय मी! मला शिकवतोस?"

मुलगी एकदा इंजिनाकडे बघायची, एकदा माझ्याकडे. मग तिने पर्स उघडून इसाराचं पाकीट काढलं. "बाबा चांगली म्हणतात ना, मग चांगलीच असणार," ती त्याला, मलाही कळेल इतक्या मोठ्याने, म्हणाली. पाकीट तिने दोन्ही हातांनी धरलं होतं.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. आवाज तिलाही येत होता. परक्या माणसासमोर बापाचं नाक कापलं जाऊ नये म्हणून ही पोरगी पाच वर्षांची कमाई त्या खटाऱ्यात घालायला निघाली होती.

"थांब," मी म्हणालो. "मला ऐकू येत नाही."

"अहो बाबा..."

"खरंच येत नाही गं. या स्क्रू ड्रायव्हरमधून काहीच येत नाही. वर्षं झाली."

जे बायकोपाशी कबूल केलं नव्हतं ते एका अनोळखी अंगणात बोलून बसलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माहितीये मला," मुलगी म्हणाली.

"माहितीये? मग मला आणलंस कशाला?"

"आवाज मला येतो. पण तो कशाचा, हे मला कुठे कळतंय? वाटलं, तुम्ही मला विचाराल. तुम्ही डायरेक्ट निकालच दिलात. मग चारचौघांत तुम्हाला खोटं कसं पाडू?"

मी स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात दिला. "कानामागच्या हाडाला लाव. आधी इंजिनाच्या वर टेकव. काय येतंय?"

"टिकटिक. बारीक आहे."

"ती असू दे. आता खाली."

ती वाकली. "ठकठक. चांगली जाड."

पोराला एक्सलेटर द्यायला सांगितलं. "वाढते?"

"वाढते. आणि सोडला की एकदम खडखडतं."

मला तो आवाज डोळ्यांपुढे दिसला. वरचा असता तर किरकोळ काम होतं. हा खालचा, क्रँकच्या बेअरिंगचा. अशी गाडी आज चढ चढते आणि एक दिवस रोपांसकट घाटात उभी राहते.

"नको घेऊस," मी म्हणालो. पोराला सांगितलं, आता चालवू नको, आधी इंजिन खोलून घे. त्याचं तोंड उतरलं, तरी त्याने चहा पाजला.

परत येताना मी तिच्या स्कूटीवर मागे बसलो होतो. पाकीट पुन्हा पर्समध्ये गेलं होतं. नाशिकमध्ये शिरल्यावर सिग्नलला तिने मान वळवली आणि ओरडली, "रविवारी पिंपळगावला एक पिकअप बघायचाय! याल ना?" शेजारचे रिक्षावाले, मागचे दुचाकीवाले, सगळे आमच्याकडे बघायला लागले. एरवी कुणी असं माझ्या कानाशी ओरडलं असतं तर मी तिथेच खवळलो असतो.

"येईन," मी म्हणालो. लोक अजूनच वळून बघायला लागले, तेव्हा मीही ओरडलोच असणार.