शेवंताबाईंचा गुंड

पाण्यातल्या शिशाचा आकडा चढतच होता.

लाखांदूरजवळच्या एका गावात मी अंगणवाडीसमोरच्या हँडपंपाचं पाणी तपासत होते. उपकरण नवं होतं. केसाएवढी बारीक काचेची तार, म्हणजे ऑप्टिकल फायबर. तिच्यातून प्रकाश जातो. टोकाच्या लेपाला पाण्यातलं शिसं चिकटलं की प्रकाश बदलतो आणि तारेला जोडलेली डबी आकडा दाखवते. पंपाच्या धारेत तार मोडेल अशी मला धास्ती. समोरच्या शेवंताबाईंनी सकाळी याच पंपावर भरलेला पितळी गुंड, म्हणजे हंडा, आणून दिला, चिंचेनं घासून लख्ख. नियमात धातूचं भांडं चालत नाही. घाईत मी तार त्यातच बुडवली.

ऑफिसात साहेबांना फोन केला.

"पंप आत्ता बंद करा."

"सर, एकदा परत बघते..."

"पोरं पितात ना? बंद म्हणजे बंद."

हँडलला साखळी घातली. बाया जमल्या. "काहून बंद करून राहिले, मॅडम? पानी कुठून आनाचं आमी?"

शेवंताबाईंची सून सरिता, सातवा महिना, दारातच उभी होती. "मी तं रोज हेच पानी पेऊन राहिली," ती म्हणाली.

आता नियम आठवला. साखळी सोडून पंपाचं पाणी थेट प्लास्टिकच्या बाटलीत घेतलं. शिसं काहीच नाही. पुन्हा घेतलं, तरी नाही. गुंडात तार घातली, आकडा परत वर. गुंड रिकामा केला. आत बुडाशी करडं ठिगळ दिसलं.

"गळत होता," शेवंताबाई म्हणाल्या. "दिवाळीत झाळून घेतला. माह्या सासूचा हाय, टाकवत नाही."

झाळणं म्हणजे कथील-शिसं वितळवून भोक बुजवणं. रोजच्या चिंचेनं ते आणखी सुटत होतं.

पंप सुरू झाला. बाया हसल्या. सरिता हसली नाही.

"मंग ते शिसं माह्या पोटात गेलं का, मॅडम?"

खोटं बोलवेना. आमच्याच जीपनं तिला रक्त तपासायला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. रिपोर्ट येईपर्यंत मला जेवण गोड लागलं नाही. रक्तात शिसं निघालं, पण थोडं. गुंड बाजूला ठेवल्यावर पुढच्या तपासणीत ते उतरलं.

धातूचं भांडं का वापरलं, म्हणून साहेबांनी मला मेमो दिला. चूक होतीच, कबूल केली. पण नियमानं वागले असते तर रिपोर्ट स्वच्छ गेला असता आणि सरिता बाळंतपणापर्यंत त्याच गुंडातलं पाणी प्यायली असती.

आता पंप नियमानंच तपासते. मग घरोघरी विचारते, पाणी कशात भरता? फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही. मी समासात लिहिते.