न फोडलेला गोळा

सास्तूरला उतरून एक्स-रेवाला पंचाक्षरी कुठं राहतो म्हणून विचारा, माणसं आधी हसतील, मग रस्ता दाखवतील. तसा त्याचा धंदा मोटारी भरायचा. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती मोटारसायकलवर आडवी टाकून त्याच्याकडं आणतो, हा जळकी तार उपसून नवी तांब्याची तार भरून देतो. या कामात आपला हात धरणारा लोहारा तालुक्यात दुसरा नाही, असं तो स्वतःच सांगतो. तेव्हा कितपत मानायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण गावात नाव झालं ते नादापायी. आता नाद कुणाला पत्त्यांचा लागतो, कुणाला भजनाचा. ह्या बहाद्दराला लागला बंद वस्तूच्या पोटात काय आहे ते ती न उघडता बघायचा!

झालं असं, की उमरग्याच्या एका दातांच्या डॉक्टरानं दवाखाना बंद केला आणि सगळं सामान भंगारात गेलं. पंचाक्षरी गेला होता तांब्याची तार शोधायला. तिथं त्याला पत्र्यांच्या ढिगात दातांचे फोटो काढायचं जुनं मशीन दिसलं, शेजारी शिशाचा फाटका डगला आणि किरण पडले की उजळणारा एक पडदा. तार राहिली बाजूला आणि हे लटांबर टेम्पोतून घरी आलं. बायको दीपाली दारात उभी होती. ती म्हणाली, "मिक्सर तीन महिने झाले बंद पडलाय, त्याला हात लावायला सवड न्हाय, आन् हे काय उचलून आणलंय?" तो मशीनवरची धूळ पुसत राहिला. नादिष्ट माणसाला अशा वेळी ऐकू कमी येतं.

घरामागं त्याची एक खोली आहे. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गाव नव्या जागेला उठून आलं, पण जुन्या गावठाणात दगड तसेच पडून होते. त्यातलेच आणून पंचाक्षरीनं हातभर रुंदीच्या भिंतींची ही खोली बांधली. मशीन आत, बटण बाहेर, मधे दगडाची भिंत आणि तिला आतून टांगलेला शिशाचा डगला. वस्तू पडद्यापुढं ठेवायची, दाराला पोती लावून अंधार करायचा, पडद्यापलीकडं मोबाईलचा कॅमेरा चालू करून ठेवायचा आणि बाहेर येऊन बटण दाबायचं.

सगळ्यात आधी त्यानं ठेवली भुईमुगाची शेंग. भरदुपारी बटण दाबलं, आत जाऊन मोबाईल बघितला, आणि मट्कन खालीच बसला. हिरव्या उजेडात शेंगेचं टरफल पुसट झालं होतं आणि आत दोन दाणे झोपल्यासारखे दिसत होते. एक भरलेला, एक पोचट. जन्मभर शेंगा फोडून खाल्लेला माणूस, पण न फोडलेल्या शेंगेतला पोचट दाणा त्यानं कधी बघितला नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दीपालीला बोलावून दाखवलं, तर तीही मिक्सरचं विसरली. "देवाला असंच दिसत आसंल का हो आपलं सगळं?" एवढंच ती म्हणाली. त्या दिवसापासून तिनं त्याला टोमणे मारायचं बंद केलं, म्हणजे कमी केलं.

मग कुलूप झालं, घड्याळ झालं, तुरीची शेंग झाली, आणि फोटो गावभर दाखवून झाले. एकदा हौसेनं दीपालीला बटण दाबायला लावून स्वतःचा हातही धरला. बोटांची हाडं बघून हरखला आणि तो फोटो उमरग्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या ओळखीच्या माणसाला दाखवायला गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या माणसानं त्याला असा फैलावर घेतला की बास. हे घरात करायचं काम नव्हे, याला परवानगी लागते, किरण लागलेले कळत नाहीत आणि कळतात तेव्हा उशीर झालेला असतो. पंचाक्षरी मान खाली घालून परत आला. त्यानंतर जित्या जिवाला त्यानं मशीनपुढं येऊ दिलं नाही आणि मशीनही महिनोन्‌महिने झाकूनच ठेवलं.

त्याची आई मात्र त्या खोलीत कधीच आली नाही. लक्ष्मम्मा तिचं नाव, माहेर सीमेपलीकडं कानडी मुलखात, आळंदला, म्हणून घरात तिला अव्वा म्हणतात. "ह्या दगडांनी माझी लेक खाल्ली. त्यांच्या सावलीला म्या बसायची न्हाय," असं तिनं खोली बांधली तेव्हाच सांगून टाकलं होतं.

भूकंप झाला तेव्हा पंचाक्षरी सात वर्षांचा होता, त्याची बहीण राजेश्वरी सहाची. जुन्या गावातलं घर दगडमातीचं, वर मातीचं जाड माळवद. त्या पहाटे ते सगळं खाली आलं. पंचाक्षरी तुळईच्या आडोशाला वाचला. अव्वाचं कंबरेचं हाड मोडलं, तिला सोलापूरला नेलं. राजेश्वरी गेली. लिंगायतांत माणसाला मातीत बसवतात. पण त्या दिवसांत पाऊस थांबत नव्हता आणि खड्डा खणायला धडधाकट माणूस उरला नव्हता. घराच्याच तुळया, दारं रचून कितीतरी जणांना एकत्र अग्नी दिला. अव्वा काठी टेकत परत आली तेव्हा लेकीचं काहीच शिल्लक नव्हतं. फोटो नाही, फ्रॉक नाही, डोकं टेकवायला जागासुद्धा नाही.

ढिगारा उपसताना एका पालथ्या परातीखाली तिला शेणाचा एक वाळला गोळा सापडला. लहान पोरांचा दुधाचा दात पडला की तो शेणात लिंपून घरावर फेकायची रीत आहे. उंदीरमामा तो नेतो आणि आपल्यासारखा बळकट दात देतो. गणपतीच्या दिवसांत राजेश्वरीचा दात पडला होता आणि अव्वानं शेणात माळवदाची पांढरी माती कालवून गोळा केला होता, वर अंगठा दाबला होता आणि तो माळवदावर फेकला होता. हा तोच, अंगठा माझाच, असं तिचं म्हणणं. बाया म्हणाल्या, अगं लक्ष्मम्मा, सगळं माळवदच मातीचं, असले गोळे पोत्यानं निघतील. कुणी म्हणालं, फोडून बघ की. पण ती कशी फोडणार? दात निघाला तर हातानं लिंपलेला तो गोळा मोडला, आणि नाही निघाला तर लेक दुसऱ्यांदा गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तिची मूठ त्याहून मोलाची होती. गोळा कापसात गुंडाळून तिनं देवघरात डब्यात ठेवला. तीस वर्षं उलटून गेली.

यंदा श्रावणात देवघर पुसताना दीपालीला डब्याच्या तळाशी भुगा दिसला. गोळ्याला चीर गेली होती. ती रोज थोडी थोडी वाढायला लागली आणि तशी अव्वाची भाकरी कमी व्हायला लागली. आपल्याआपण उकलला आणि रिकामा निघाला तर मी काय धरून बसू, असं ती एकदा दीपालीजवळ बोलली आणि तोंडाला पदर लावून रडली.

पंचाक्षरीच्या मनात काय चाललं होतं ते सांगायला नको. मशीन घरात होतं आणि गोळाही घरात होता. पण विचारायची छाती होत नव्हती. शेवटी एका दुपारी अव्वाच काठी टेकत मागं आली. दोन्ही हातांच्या ओंजळीत गोळा घेतलेली दीपाली तिच्यामागं.

"पंचू, तुझ्या त्या मशीननं ह्याला काय इजा होती का?"

"न्हाय अव्वा. उजेडच हाय त्यो, डोळ्याला न दिसणारा. आरपार जातोय."

"मग बघ," ती म्हणाली. "आन् जे आसंल ते खरं सांग. माझ्यासाठी गोड करून सांगू नगंस."

त्यानं गोळा असा उचलला की तान्ह्या लेकरालाही कुणी तसं उचलत नाही. पडद्यापुढं ठेवला, पोती लावली, बाहेर आला. भिंतीआड तिघं उभी राहिली. उभं राहवेना म्हणून अव्वानं हात टेकला, तो दगडावरच. तिच्या ते ध्यानातही आलं नाही. पंचाक्षरीनं बटण दाबलं.

मोबाईलवरचा फोटो त्यानं एकट्यानं आत जाऊन बघितला. गोळा धुरकट हिरवा दिसत होता, आणि त्याच्या मध्यावर काळे, घट्ट, बारीक असे दोन ठिपके. दात एक हवा होता. आणि माळवदाच्या पांढऱ्या मातीत चुनखडीचे खडे असतातच, लहानपणी त्यानं ते ढीगभर वेचलेले. दोन ठिपके म्हणजे दोन खडे. तीस वर्षं आई एका मातीच्या ढेकळाला जपत आली होती.

दीपाली आत आली. फोटो बघून आणि नवऱ्याचं तोंड बघून ती समजली. "हाय म्हणा ना," ती हळूच म्हणाली. "कुणाचं काय जातंय?"

शब्द त्याच्या ओठांवर आला होता. पण ज्या पडद्यानं पोचट दाणासुद्धा लपवला नव्हता, त्याच्यापुढं उभं राहून खोटं बोलणं त्याला जमेना. तो दारात आला.

"काय दिसतंय का?" अव्वानं विचारलं.

"दिसतंय. पण अव्वा, दोन हायत. म्हंजे खडं असत्याल. चुनखडीचं."

अव्वा उंबऱ्यावर बसली. मग तिनं विचारलं, "लांब लांब हायत का जवळ?"

"चिकटूनच हायत."

"मग दात हायत त्ये," अव्वा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून धार लागली होती, पण आवाज ठाम होता. "राजीचा आधी पडला. फेकू म्हणलं तर ऐकंना. दादाचाबी हालायलाय, त्याचा पडू दे, दोघांचं मिळून फेकू, म्हणून मुठीत धरून बसली. दोन दिसांनी तुझा पडला. मग म्या दोन्हीबी एकाच गोळ्यात लिंपलं."

पंचाक्षरीला यातलं काही आठवत नव्हतं. त्याला फक्त अंगणात उड्या मारणारी बहीण आठवत होती, आणि तीही पाठमोरी.

"अव्वा, आगं मग इतक्या वर्सांत बोलली का न्हाईस दोन हायत म्हणून?"

"तुझा कशाला मोजू?" ती म्हणाली. "तू तर हाताशी हुतास."

त्यानं मोबाईल परत डोळ्यांपुढं धरला. बोटांनी फोटो मोठा केला. आता त्याला स्वच्छ दिसलं: दोन्ही ठिपक्यांची एक कड सरळ, चावायची. खड्याला अशी कड नसते. एक रतीभर मोठा होता, एक लहान. लहान तो तिचा असणार. तो सगळ्या गावाला बंद वस्तूंच्या पोटातलं दाखवत फिरला होता, आणि त्याच्याच घरात, देवघरातल्या डब्यात, तो आपल्या बहिणीला चिकटून इतकी वर्षं बसलेला होता. नकळत त्याची जीभ आपल्या वरच्या पुढच्या दाताला जाऊन लागली.

अव्वाच्या नजरेतून ते सुटलं नाही. "तुला दिला की उंदरानं नवा," ती म्हणाली. "तिचा तेवढा यायचा राहिला."

दुसऱ्या दिवशी तिनं दीपालीकडून ताजं शेण मागवलं, पंचाक्षरीला जुन्या गावठाणात पाठवून पांढरी माती आणायला लावली आणि चिरेवरून, सगळ्या गोळ्यावरून, नवा थर लिंपला. लिंपताना ती त्या दगडी खोलीच्याच सावलीत बसली होती. शेवटी गोळा तिनं लेकापुढं धरला.

"ह्या बारीला अंगठा तू उठीव," ती म्हणाली. "माझ्यामागं वळखायला कुणीतरी पायजे."

पंचाक्षरीनं अंगठा दाबला. गोळा आता थोडा मोठा झालाय, जुन्या डब्यात मावत नाही, म्हणून दीपालीनं त्याला चहाच्या पत्तीचा रिकामा डबा धुऊन दिलाय.