डाव्या बाजूचं काम

"आम्ही यायच्या आत गाडी चालू करू नका, इंजिन थंड लागेल," असं गाडी विकत घ्यायला बघणाऱ्या इंजिनिअरनं फोनवर सांगितलं आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. रविवारची सकाळ. दोनदा अंघोळीला निघालो आणि दोन्ही वेळा खांद्यावर टॉवेल टाकून पोर्चमध्येच जाऊन उभा राहिलो. गाडी आपली नेहमीसारखी उभी. निळी, बुटकी, चार दारांची. पण पळायला लागली की भल्याभल्यांना मागं टाकणारी. हर्सूलच्या आमच्या घरी अण्णांनी ती आणली तेव्हाच ती कुणाची तरी वापरलेली होती. आता तर चांगलीच म्हातारी झाली होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. आई म्हणाली, नुसती उभी राहून सडेल, देऊन टाक कुणाला तरी. देण्यात अवघड काही नव्हतं. अवघड जे होतं ते गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात होतं, आणि माझ्या समजुतीप्रमाणे ते फक्त मला माहीत होतं. ते आईसमोर निघू नये, एवढंच मला पाहिजे होतं. गाडी विकली गेली नाही तरी चाललं असतं.

झालं होतं असं. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना अण्णा आणि आई एका लग्नासाठी आठ दिवस देवगाव रंगारीला, म्हणजे आमच्या गावी गेले. मी गाडी काढली. दौलताबादच्या घाटात एका वळणावर जरा जास्तच दामटली. मागची बाजू घसरली आणि पुलाच्या कठड्यावर आपटली. मला साधं खरचटलंही नाही. पण अण्णांचा स्वभाव! पाण्याचा पेला कॉटखाली राहिला तरी घर डोक्यावर घेणारा माणूस. शहरातले निम्मे गॅरेजवाले त्यांच्या ओळखीचे, म्हणून मी गाडी थेट बिडकीनला नेली. तिथल्या एका डेंटरनं पत्रा ठोकला, पुट्टी भरली, रंग मारला. आत काय झालंय ते त्यानं बघितलं नाही, आणि मला घाई असल्यामुळं मीही बघू दिलं नाही. अण्णा परत आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, काही बोलले नाहीत. सुटलो, मला वाटलं.

त्याच महिन्यात गाडी सर्व्हिसिंगला गेली ती सहा दिवस आलीच नाही. माझा मित्रांबरोबरचा बेत बुडाला म्हणून मी चिडलो होतो, एवढं आठवतं. आणि तेव्हापासून अण्णांना एक सवय लागली. मी गाडी घेऊन घरी आलो की पेपरातून मान वर न करता विचारायचे, "काय म्हणते गाडी?" मी चपला काढता काढता म्हणायचो, ठीक आहे. वर्षानुवर्षं हेच. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यातसुद्धा त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, ठीक आहे.

दहाच्या सुमारास दोघं आले. तिशीतला तो इंजिनिअर आणि त्याचा मिस्त्री. मिस्त्री साठीचा, पांढऱ्या दाढीचा, शहागंजकडचा. एका खिशात टॉर्च, दुसऱ्या खिशात चुंबक. पत्र्यावर चुंबक चिकटतं, पुट्टीवर चिकटत नाही, एवढं मलाही माहीत होतं.

आई दारात खुर्ची टाकून बसली होती. मिस्त्रीनं आधी बोनेटवर तळहात ठेवला. थंड. मान हलवली. तेलाचं झाकण काढून आतून बोट फिरवलं, पांढरा फेस नाही ना ते बघितलं. मग मला गाडी चालू करायला लावून स्वतः सायलेन्सरमागं उकिडवा बसला. निळा धूर आला असता तर इंजिन तेल खातंय म्हणून समजायचं. आला नाही. "टर्बोची गाडी आहे," तो इंजिनिअरला म्हणाला. "पळवून आणली की लगेच बंद करायचे का, ते विचारा मालकाला. तसं केलं की टर्बो जळतो." मी सांगितलं, अण्णा मिनिटभर तशीच चालू ठेवायचे, मग बंद करायचे. काहीतरी खरं सांगायला मिळालं म्हणून तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

मिस्त्रीनं टायरच्या आतल्या कडा चाचपल्या, काच बदललीय का ते कळावं म्हणून काचांवर छापलेली सालं एकमेकांशी जुळवून बघितली. मी या पायावरून त्या पायावर. मग चुंबक निघालं. उजव्या बाजूला ते जाईल तिथं चिकटत गेलं. मागच्या डाव्या कोपऱ्यावर मात्र घसरलं आणि टणकन फरशीवर पडलं.

"ठोकली होती का?" इंजिनिअरनं विचारलं.

"नाही. पार्किंगमध्ये घासली असेल," मी म्हणालो. आईकडे बघितलं नाही.

मिस्त्रीनं डिकी उघडली, स्टेपनी बाहेर काढली, आत टॉर्च मारला. मग जुनं पोतं मागून घेतलं, ते अंथरलं आणि सरळ गाडीखाली शिरला. बराच वेळ बाहेर येईना. चहाचं निमित्त करून आत सटकावं असं मला वाटत होतं, पण पाय निघत नव्हता.

बाहेर आला तो खुशीत. "साहेब, इथं दोनदा काम झालंय. पहिला पुट्टीवाला, घाईवाला. नुसता वरून लपवून गेला. त्याच्यानंतर कुणीतरी खालून सगळं खोललं. वाकडा पत्रा कापून नवा जोडला. वेल्डिंगचे टाके बघा, एकदम कंपनीचे वाटतात. चाक धरून ठेवणारा आर्म पण नवा टाकला. मगर एक बात समझ में नहीं आई. एवढं केलं, तर बाहेरची पुट्टी तशीच का ठेवली?"

"आणि आतलं केलं नसतं तर?" इंजिनिअर म्हणाला.

"चाक गेलं असतं. कुठंतरी स्पीडमध्ये."

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. "ह्यांनीच केलं ते. सहा दिवस रोज गॅरेजात जाऊन बसायचे. मी म्हणलं, पोराला विचारा तरी. तर म्हणले, नाय, त्यानं आपण होऊन सांगाया पाहिजे."

"तुला माहीत होतं?"

"रोज विचारत नव्हते का तुला, काय म्हणते गाडी म्हणून? गाडीचं काय पडलं होतं त्यांना?"

मला रडू आलं नाही, संताप आला. आधी अण्णांचा. पेल्यावरून आरडाओरडा करणाऱ्या माणसानं एकदा यावरून ओरडायला काय हरकत होती? मग माझा स्वतःचा, आणि तो अजून गेलेला नाही. दवाखान्यात त्यांना धड बोलता येत नव्हतं. तरी तेवढे तीन शब्द त्यांनी जुळवले होते, आणि मी सलाईनच्या बाटलीकडे बघत उत्तर दिलं होतं.

इंजिनिअर अवघडून गेला होता. "म्हणजे ठोकली होती," तो हळूच म्हणाला.

"हो. मी ठोकली," मी म्हणालो, आणि सांगत सुटलो. वळण, वेग, कठडा, बिडकीनचा डेंटर, पुट्टी, रंग वाळायच्या आत घरी आणलेली गाडी. त्याला इतकं काही ऐकायचं नव्हतं. मिस्त्री चुंबक पुसत होता, आई पदराशी चाळा करत ऐकत होती.

गाडी पुढं त्या इंजिनिअरनंच घेतली. पण त्या दिवशीचं मला राहून राहून आठवतं ते एवढंच, की सगळं सांगून व्हायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.